कुकीज, कुक्या की आणखी काही?

एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाचा मजकूर मराठीत आणणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी वाक्य लिहिलं, ‘आपणांस साइन इन ठेवण्याकरिता आम्ही कुकीज व स्थानिक साठवणूक वापरतो.’ संस्थेच्या व्यवस्थापकांनी ते लाल शाईत परत पाठवलं: ‘साठवणूक कशाची? आपण गोदाम काढलंय का?’ म्हणून ताई विचारतात, कुकीला मराठी शब्द कोणता, अनेकवचन कुकीज की कुक्या, आणि त्या साठवणुकीचं करायचं काय?

व्यवस्थापकसाहेबांची बाजू मी सुरुवातीलाच घेऊन टाकतो. त्यांना तंत्रज्ञान कळत असेल-नसेल, मराठी कळतं. साठवणूक म्हटलं की धान्य, कांदा, पाणी. ‘स्थानिक’ म्हटलं की रहिवासी किंवा स्वराज्य संस्था. दोन्ही शब्द बरोबर आणि वाक्य मात्र चुकलेलं, असा हा प्रकार. त्याच्याकडे नंतर येतो. आधी कुकी.

हा शब्द अमेरिकेतही फराळाच्या डब्यातून थेट ब्राउझरमध्ये गेलेला नाही. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारे प्रोग्रामर आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत. एका प्रोग्रामने दुसऱ्याला एक बारकासा ऐवज द्यायचा, दुसऱ्याने तो उघडून न बघता सांभाळायचा आणि पुढच्या वेळी तसाच परत दाखवायचा. १९९४मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंटुलीने हीच युक्ती वेबवर आणली. एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन दुकान बांधायचं होतं, आणि गिऱ्हाइकांच्या अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर नको, असं कंपनीचं म्हणणं होतं. मग ती नोंद गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरपाशी ठेवायची, असं ठरलं. मोंटुलीने नावही जुनंच उचललं.

अशी युक्ती लागते, कारण वेबची मूळ बोली, म्हणजे एचटीटीपी, कमालीची विसरभोळी आहे. तुम्ही पासवर्ड देऊन आत गेलात, खात्यातली शिल्लक पाहिली, मग पासबुकाच्या पानावर क्लिक केलं की सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा नवखे. ‘कोण आपण?’ प्रत्येक पानाला पासवर्ड विचारणं परवडणारं नाही. म्हणून पहिल्यांदा पासवर्ड पटला की सर्व्हर उत्तरासोबत एक ओळ पाठवतो, ‘सेट-कुकी’ अशी सुरुवात असलेली. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्यानंतर त्याच स्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीला न विसरता जोडतो.

संगणकवाल्यांच्या जुन्या शब्दसंग्रहात कुकीचं उदाहरण म्हणून लाँड्रीची पावती दिलेली आहे. कपडे टाकले, पावती घेतली, पावती दाखवली, तेच कपडे परत. मला मात्र पावतीच्याही आधीची गोष्ट आठवते. वडिलांच्या सदऱ्याच्या कॉलरच्या आत, नखाएवढी, काळी, दोन रेघा आणि एक टिंब अशी खूण असायची. धोब्याने बिब्ब्याच्या रसाने घातलेली. ती कितीही धुतली तरी जायची नाही. तिचा अर्थ वडिलांना माहीत नव्हता, माहीत असण्याची गरजही नव्हती. खूण धोब्याची, वाचणार धोबी, आणि अंगावर वागवणारे आम्ही. कुकीचं नातं नेमकं हेच आहे. दोन फरक तेवढे सांगायला हवेत. कुकीला मुदत असते. आणि ब्राउझर एका धोब्याची खूण दुसऱ्याला दाखवत नाही, ती फक्त ज्या स्थळाने घातली त्यालाच दिसते.

म्हणूनच कुणी ‘स्मृतिका’ वगैरे सुचवलं तर मी हात जोडेन. कुकीला स्वतःला काहीच आठवत नसतं, आठवतं ते सर्व्हरला. ‘ओळखचिठ्ठी’ त्यातल्या त्यात जवळचा, पण चिठ्ठी म्हणजे बाळगणाऱ्यालाही वाचता येईल असं काहीतरी. ‘खूण’ अर्थाला चपखल बसतो, पण तो इतका मोठा आणि इतका वापरातला शब्द आहे की त्याच्यावर हे ओझं टाकलं तर प्रत्येक वेळी ‘कुठली खूण?’ विचारावं लागेल. माझं मत विचाराल तर कुकीला कुकीच म्हणा, आणि समजावताना खूण म्हणा. मराठीने बस, बँक, चेक, टोकन सुखाने घेतले. कुकीने आपलं काय वाकडं केलंय? एकच सावधगिरी: वर्तमानपत्रात ‘कुकी’ म्हटलं की मणिपूरचा समाज, तेव्हा मथळ्यात किंवा पहिल्या उल्लेखात ‘वेब कुकी’ लिहिलेलं बरं.

अनेकवचनाबद्दल मात्र मी हट्टी आहे. शब्द घ्यायचा तर आपल्या घरच्या रीतीने वागवायचा. ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचं अनेकवचन याकारान्त होतं, वही-वह्या, टोपी-टोप्या. इंग्रजीतून आलेल्या लेकीसुनांनीही ही रीत केव्हाच उचलली: कंपनी-कंपन्या, डायरी-डायऱ्या, बॅटरी-बॅटऱ्या, पार्टी-पार्ट्या. ‘दोन कंपनीज’ कुणी म्हणत नाही. मग ‘दोन कुक्या’ ऐकून हसू का येतं? अजून कानाला सवय नाही, एवढंच. युवती, दासी यांच्यासारखे काही तत्सम शब्द अनेकवचनात बदलत नाहीत हे खरं, पण कुकी काही संस्कृतातून आलेली नाही.

‘कुकीज’ची दुसरी अडचण सामान्यरूपाची. कुकीने, कुकीत, कुक्यांमुळे, कुक्यांवर, हे सगळं सरळ चालतं. ‘कुकीजमुळे’, ‘कुकीजना’ मध्ये प्रत्यय नुसता बाहेरून चिकटवलेला, शब्द आतून जराही हलत नाही. आणि एकदा ‘ज’ चिकटला की तो एकवचनातही राहतो. ‘ही कुकीज डिलीट करा’ असं मी स्वतः ऐकलंय. शूज आणि चिप्स या वाटेने आधीच गेले आहेत, ‘एक चिप्स दे ना’. तरी बोलताना कुणी कुकीज म्हणालं तर मी टोकत नाही. लिहिताना कुक्या लिहितो.

आता आत काय लिहिलेलं असतं ते पाहू, कारण शब्द त्यावरच ठरतात. एक प्रकार बँकेतल्या पितळी टोकनाचा. पूर्वी चेक दिला की कारकून आकडा ठोकलेलं गोल टोकन हातात द्यायचा. त्यावर ना तुमचं नाव, ना रक्कम. सगळं वहीत. आकडा पुकारला की टोकन द्यायचं, पैसे घ्यायचे. बहुतेक लॉगिन-कुक्यांमध्ये असाच एक लांबलचक, निरर्थक दिसणारा आकडा असतो आणि खरी नोंद सर्व्हरच्या वहीत. गोम अशी की टोकन ज्याच्या हातात, पैसे त्याचे. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सचं जोडकाम आलं. खुल्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाची कुकी हवेतल्या हवेत उचलायची आणि त्याच्या खात्यात शिरायचं, हे त्याने कुणालाही दोन क्लिकांत करता येईल इतकं सोपं करून दाखवलं. तेव्हा बरीच संकेतस्थळं पासवर्डचं पान तेवढं कुलूपबंद पाठवत आणि पुढची सगळी पानं उघडी. पासवर्ड सुरक्षित, टोकन रस्त्यावर. कुकीवर ‘सिक्युअर’ असा शेरा मारला, तर ती फक्त कुलूपबंद वाटेनेच जाते.

दुसरा प्रकार वेगळा. त्यात आकड्याऐवजी मजकूरच असतो, अमुक सदस्य, अमुक वेळेपर्यंत ग्राह्य, आणि शेवटी सर्व्हरची सांकेतिक सही. जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) नावाने हा प्रकार २०१५मध्ये प्रमाण म्हणून ठरला. यासाठी मराठीत तयार शब्द पडून आहे: मोर्तब. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीला मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’. मोर्तबाचं काम पत्र लपवणं हे नव्हतं. इथे मजकूर संपला, याच्यापुढे कुणी ओळ घुसडली तर ती खोटी, हे सांगणं हे त्याचं काम. जेडब्ल्यूटीचंही तेच, वाचता कुणालाही येतो, बदलता येत नाही. सही मोर्तबाच्या पुढे एक पाऊल जाते, ती मधलं एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. ‘साइन्ड टोकन’ला ‘स्वाक्षरीकृत चिन्ह’ लिहिणाऱ्यांनी ‘मोर्तब केलेलं टोकन’ वापरून पाहावं.

आणि हो, कुकीत मराठी मावत नाही म्हटलं तरी चालेल. एका कुकीला साधारण ४०९६ बाइटांची जागा. त्यात देवनागरी सरळ लिहायची सोय नाही, ‘%’ चिन्ह लावलेल्या संकेतांत रूपांतर करावं लागतं, आणि एका ‘क’ला ९ बाइट पडतात. काना-मात्रा वेगळे मोजायचे. साडेचारशेच्या आसपास चिन्हं झाली की जागा संपली.

मग उरला तो साठा. लोकल स्टोरेज म्हणजे ब्राउझरच्या आत प्रत्येक संकेतस्थळासाठी राखलेली जागा, साधारण ५ एमबीची. मी बोलताना तिला कोनाडा म्हणतो. पानातला प्रोग्राम तिथे वस्तू ठेवतो, तोच काढतो. कुकीसारखी ती दर मागणीबरोबर आपणहून सर्व्हरकडे जात नाही. सेशन स्टोरेज त्याचीच धाकटी बहीण, टॅब मिटला की रिकामी. तेव्हा ‘लोकल’चा इथला अर्थ ‘तुमच्याच यंत्रात’ असा आहे, ‘स्थानिक’ असा नाही. लिहिताना ‘ब्राउझरमधला साठा’ म्हणा, गोदाम डोळ्यांपुढे येणार नाही.

हा फरक मी परवा माझ्याच एका खात्यावर करून पाहिला. क्रोममध्ये एफ१२ दाबलं, ‘अ‍ॅप्लिकेशन’ उघडलं, डाव्या हाताला कुक्यांची यादी. एका ओळीपुढे ‘एचटीटीपीओन्ली’च्या रकान्यात बरोबरची खूण होती. म्हणजे पानातल्या प्रोग्रामलाही ती कुकी वाचता येत नाही, फक्त ब्राउझर आणि सर्व्हरला. तेवढी एक ओळ उडवली, पान ताजं केलं. पासवर्ड विचारणारं पान आलं, पण मराठीतच आलं. भाषेची निवड कोनाड्यात होती, तिला धक्का लागला नव्हता. लॉगिनचं टोकन कोनाड्यात ठेवू नये असं जाणते सांगतात ते याचसाठी: कोनाड्यात पानावरच्या कुठल्याही प्रोग्रामचा हात पोचतो, मग तो प्रोग्राम जाहिरातवाल्याचा का असेना. कुकीची खोड उलटी, ती न विचारता जाते, दुसऱ्याच संकेतस्थळाने डिवचली तरी. त्यावर ‘सेमसाइट’ हा शेरा उपाय, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाने डिवचलं तर कुकी जोडण्यावर बंधन; क्रोमने २०२०पासून तो संकेतस्थळाने न सांगताही लागू केला.

साइन इन की लॉग इन, हे ताईंनी विचारलेलं नाही तरी सांगतो. साइन इन म्हणजे मुळात मस्टरवर सही, लॉग म्हणजे जहाजाची नोंदवही. मराठी माणूस ‘लॉगिन केलं’, ‘लॉगिन होत नाही’ म्हणतो, जोडून, नामासारखं. तेच लिहा. ‘साइन इन ठेवणे’ तर मराठीत बसतच नाही. माणसाला बसवून ठेवतात, उपाशी ठेवतात, साइन इन कसं ठेवणार? तीच गत ‘मला लक्षात ठेवा’ची. बटणावर ते वाचलं की निरोप समारंभ आठवतो. ‘या यंत्रावर पुन्हा पासवर्ड विचारू नका’ लिहिलं तर आजोबांनाही कळेल. ‘आपले सत्र समाप्त झाले’ हेही नको, ते विधिमंडळाला राहू द्या. ‘बराच वेळ काही हालचाल न झाल्याने तुम्हाला लॉगआउट केले आहे.’

ताईंच्या वाक्याच्या जागी मी हे लिहीन: ‘एकदा लॉगिन केल्यावर दर पानाला पासवर्ड द्यावा लागू नये, म्हणून आम्ही तुमच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवतो. तुम्ही निवडलेली भाषा आणि अक्षरांचा आकार ब्राउझरमधल्या साठ्यात राहतो, तो आमच्याकडे येत नाही. लॉगआउट केल्यावर कुकी रद्द होते.’ साठ्यात नक्की काय राहतं ते संस्थेच्या प्रोग्रामरकडून खात्री करून घ्या.

शेवटच्या वाक्यातलं क्रियापदही त्यालाच विचारा. कुकी ‘पुसली जाते’ आणि ‘रद्द होते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका संकेतस्थळावर मी कुकीतला आकडा आधी उतरवून घेतला, लॉगआउट केलं, मग तो आकडा परत चिकटवला. खातं जसंच्या तसं उघडलं. त्यांनी माझ्या हातातलं टोकन काढून घेतलं होतं, वहीतली नोंद खोडलीच नव्हती. तिथे ‘रद्द’ लिहिणं खोटं ठरलं असतं.