रिपोर्ट नॉर्मल, मग मन का बिघडतं?

प्रश्न : पाळीच्या आधी आठ-दहा दिवस प्रचंड चिडचिड होते, रडू येतं, झोप उडते. पाळी आली की दोन दिवसांत सगळं ओसरतं. हार्मोनच्या तपासण्या नॉर्मल आहेत. मग हे माझ्या मनाचेच खेळ समजायचे का?

उत्तर : मुळीच नाही. रिपोर्ट नॉर्मलच येणार होता, कारण दोष हार्मोनच्या प्रमाणात नसतो. अंडाशयातून बीज सुटेपर्यंत रक्तात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जेमतेम असतं, मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमहून कमी. बीज सुटल्यावर आठवडाभरात ते ५ ते २० पर्यंत चढतं आणि पाळीच्या तोंडावर कोसळतं. त्यातल्या काही भागापासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं. ते मेंदूतल्या गाबा या ‘ब्रेक’ लावणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं, म्हणून एरवी त्याने शांत, जरा सुस्त वाटायला हवं. काहींच्या मेंदूला मात्र ही चढउतार मानवत नाही आणि परिणाम उलटा होतो.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात औषधाने अंडाशयांचं काम थांबवल्यावर बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला. त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत देताच तो पुन्हा उपटला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना तीच हार्मोन्स देऊनही काही झालं नाही. हार्मोन तेच, मेंदूची संवेदनशीलता वेगळी. तेव्हा तपासण्यांवर आणखी पैसे घालवू नका, वही घ्या.

रोज रात्री चिडचिड, उदासी, धास्ती, झोप, भूक, एकाग्रता यांच्या त्रासाला १ ते ६ गुण द्या (६ म्हणजे सर्वांत जास्त त्रास). सलग दोन पाळीचक्रं तरी. महिनाअखेरीस आठवून लिहिलेली नोंद कुचकामी, कारण वाईट दिवसच लक्षात राहतात. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. बीज सुटल्याचा अंदाज मात्र पुढच्या पाळीपासून साधारण १४ दिवस मागे मोजून काढायचा. ‘चौदावा दिवस’ हे गणित २८ दिवसांच्या चक्रापुरतंच.

सगळी मेख पाळीनंतरच्या आठवड्यात आहे. तो स्वच्छ गेला आणि पाळीआधीच्या आठवड्यात ठरलेल्या ११ पैकी किमान ५ लक्षणं कामात, नात्यांत अडथळा आणण्याइतकी तीव्र असली, तर डॉक्टर पीएमडीडीचा, म्हणजे पाळीआधी मन तीव्रपणे बिघडण्याच्या आजाराचा, विचार करतात. तोही आठवडा उदास गेला, तर मूळ नैराश्य पाळीआधी बळावतंय असं समजून उपचारांची दिशा बदलते. पीएमडीडीत सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या अनेकदा काही दिवसांतच लागू पडतात (एरवीच्या नैराश्यात काही आठवडे लागतात), म्हणून कित्येक जणींना त्या फक्त चक्राचे शेवटचे १४ दिवस देतात. जीव नकोसा वाटत असेल, तर वही पुरी होण्याची वाट न पाहता आजच डॉक्टर गाठा.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत बुद्धी मंदावते का? परीक्षेची तारीख पुढे ढकलावी का?

उत्तर : नको. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत चक्रानुसार ठाम, कायम दिसणारा फरक सापडलेला नाही. दुखणं आणि अपुरी झोप मात्र गुण खातात. त्यांचा बंदोबस्त करा.

प्रश्न : दर पाळीला अर्धशिशी उठते. गर्भनिरोधक गोळ्यांनी थांबेल का?

उत्तर : इथे गुन्हेगार बहुधा इस्ट्रोजेनची घसरण. दुखणं पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, तीनपैकी किमान दोन चक्रांत येतं का, ते लिहून ठेवा. पाळी नियमित असेल, तर डॉक्टर त्या मोजक्या दिवसांपुरतं प्रतिबंधक औषध देऊ शकतात. पण डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा दिसत असतील किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर ते आधी सांगा. अशा वेळी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो; त्या टाळतात. फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन असलेली गोळी चालेल का, हे विचारा.