सांता फेला एकच दिवस आहे? मग एवढंच करा

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या या गावी पहिल्यांदाच जाताय ना दोघं, मग बघायच्या ठिकाणांची ती लांबलचक यादी आधी फाडा. सगळी म्युझियम एका दिवसात उरकायची ही नवख्यांची नेहमीची चूक, चित्रकार जॉर्जिया ओकीफचं एक बास.

१. गाव ७,००० फुटांवर आहे, पाणी पीत राहा, वाइन जरा जपून.
२. कॅन्यन रोड हा आर्ट गॅलऱ्यांचा रस्ता पायीच. गॅलरीत शिरायला पैसे पडत नाहीत, बिनधास्त घुसा.
३. दागिने घ्यायचे तर प्लाझावर, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या गव्हर्नरवाड्याच्या ओसरीत मूळ अमेरिकन कारागीर चांदी-फिरोजा मांडून बसतात, स्वतः घडवलेलं विकतात, तिथे फॅशन स्ट्रीटसारखी घासाघीस नको आणि फोटो विचारूनच काढा.

जेवताना लाल मिरचीचा सॉस की हिरव्या, असं विचारतील, 'ख्रिसमस' म्हणा, दोन्ही येतात. कोल्हापूरकर असाल तरी आधी चाखून बघा हां!