बॉस्टनला येताय, तर डंकिन समजून घ्याच

ऑक्टोबरात पुण्याहून बॉस्टनला लागून असलेल्या क्विन्झीला राहायला येताय. घर, भाडं, मुलांची शाळा हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी तुम्ही विचारलंत, "तिकडचे लोक त्या डंकिनचं एवढं काय घेऊन बसतात? कॉफी खरंच चांगली असते का?" भाड्याचं उत्तर इथे चार जण देतील. डंकिन या कॉफी-डोनटच्या दुकानांच्या साखळीबद्दलचं मी देतो, कारण इथे रुळायला त्याचा फार उपयोग होतो.

मुळात तुम्ही थेट पंढरीतच उतरताय. 1948 साली विल्यम रोझेनबर्गने क्विन्झीच्या सदर्न आर्टरी या रस्त्यावरच पहिलं दुकान काढलं. डंकिन डोनट्स हे नाव 1950 मधलं. आठवीत शाळा सुटलेला हा माणूस आधी कारखान्यांच्या दारात गाडीवरून खाणं विकायचा. गल्ल्यातले 40 टक्के पैसे नुसत्या कॉफी-डोनटचे असतात हे लक्षात आल्यावर त्याने तेवढ्याचंच दुकान टाकलं. कामाला निघालेल्या माणसाला झटपट, परवडेल अशी कॉफी द्यायची, हे गणित तेव्हापासूनचं. पहाटे रांगेत नर्स, प्लंबर, रस्त्यावरचा बर्फ काढणारे ट्रकवाले आणि सुटाबुटातले वकील एकामागे एक उभे असतात. मला डंकिन आवडतं ते या रांगेमुळे.

रांगेत शिरण्याआधी ऑर्डर तोंडपाठ करा. माप, गरम की आइस्ड, दूध, साखर, सगळं एका दमात. मागचे लोक खोळंबलेले असतात. नुसतं "रेग्युलर" म्हणालात तर क्रीम आणि साखर घातलेली कॉफी येईल, मीडियम कपात दोन्ही तीन-तीन. हे न्यू इंग्लंडातलं, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातलं रेग्युलर. दूध हवं तर "मिल्क" असं स्पष्ट सांगा. मी तर म्हणेन, एक मिल्क, एक शुगरने सुरुवात करा. कॉफीची चव सौम्य, कडूपणा बेताचा. आपल्या फिल्टर कॉफीचा कडकपणा तिच्यात शोधू नका, पण रोज प्यायला चांगली आहे. चहा मात्र घरीच करा.

जानेवारीत पारा शून्याच्या खाली गेलेला असताना लोक हातमोजे घालून बर्फाची आइस्ड कॉफी पीत चाललेले दिसतील. लार्ज म्हणजे 32 औंस, जवळजवळ एक लिटर! हात गारठू नये म्हणून पूर्वी प्लॅस्टिकचा पेला फोमच्या पेल्यात बसवून घ्यायचे. 2020 पर्यंत फोमचे पेले बंद झाले, आइस्ड कॉफी चालूच आहे. हसू येईल, पण त्यांच्यासमोर हसू नका. ऑफिसात हीटिंग इतकं असतं की आत शिरल्यावर तीच बरी वाटते.

पत्तासुद्धा डंकिनवरूनच सांगतात, "दुसरं डंकिन आलं की डावीकडे." एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन असतात, तेव्हा कोणत्या बाजूचं ते विचारून घ्या. शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या बेसबॉल मैदानाचं नावच डंकिन पार्क. 2019 मध्ये कंपनीने नावातून डोनट्स काढलं, पण इथले लोक आधीपासून नुसतं डंकिन किंवा लाडाने डंक्स म्हणत होतेच.

हा जिव्हाळा नुसत्या सवयीचा नाही. एप्रिल 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर संशयिताच्या शोधासाठी बॉस्टन आणि आसपासच्या लोकांना घरातच थांबायला सांगितलं होतं. सगळं बंद. त्या दिवशी पोलिसांच्याच सांगण्यावरून काही डंकिन उघडी राहिली, तपासावरच्या माणसांना कॉफी मिळावी म्हणून. इथल्या लोकांना ते अजून आठवतं.

तुम्ही अंडंही खात नाही म्हणालात, तर डोनटमध्ये इथे अंडं असतं, हे लक्षात ठेवा. हॅश ब्राउन, म्हणजे बटाट्याच्या छोट्या टिक्क्या, चालतील. पण ऑफिसात पहिल्याच आठवड्यात 50 मंचकिन्सचा, म्हणजे छोट्या गोल डोनटांचा डबा घेऊन जा आणि सगळे उठतात-बसतात तिथे मध्ये उघडून ठेवा. ओळख करून द्यायला तुम्हाला कुणाच्या टेबलापाशी जावं लागणार नाही, तेच येतील.