नळीच्या तोंडाला 38 हजार, मनगटाला 1,600

पाटण तालुक्यातून एका निवृत्त सुभेदारसाहेबांचं पत्र आलंय. वय 61, पेन्शन चालू, कर्ज नाही, दोन्ही मुलं पुण्यात, डोंगराच्या अंगाला स्वतःचं घर. वहिनींना चार वर्षांपासून बीपीची गोळी. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या तेव्हा ह्यांचा रस्ताही बंद होता. तेव्हापासून ‘घरात सगळं तयार पाहिजे’ हे डोक्यात बसलंय. सोयाबीनचे 75,000 बाजूला काढलेत. त्यातले 38,000 परवान्याच्या डबल बॅरल बारा बोअरच्या तोंडाला लावायच्या जोडण्यांसाठी: आवाज दाबणारी एक, धक्का कमी करणारी एक. ओळखीचा एक माणूस ‘आणून देतो’ म्हणतोय, त्याला 5,000 इसार दिलाय. 3,200 मध्ये मनगटावर बांधायची बीपीची दोन मशिनं, एक घरी आणि एक शेतातल्या खोलीवर. उरलेले 33,800 ‘असेच राहू देत’. प्रश्न एवढाच, की ही वाटणी बरोबर आहे का.

सुभेदारसाहेब, आधी बंदुकीचं बोलू. रक्कम तिथे मोठी आहे आणि गोमही तिथेच आहे.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मध्ये ‘अग्निशस्त्र’ कशाला म्हणायचं ते लिहिलंय. त्यात नुसती बंदूक येत नाही. बाराचा आवाज किंवा लखलखाट कमी करण्यासाठी केलेली जोडणी येते आणि बंदुकीचे सुटे भागही येतात. म्हणजे कायद्याच्या लेखी तो सायलेन्सर ही तुमची दुसरी बंदूक, आणि तिचा परवाना तुमच्याकडे नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगलं तर कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 5 वर्षं कैद, वर दंड. धक्का कमी करणाऱ्या ब्रेकचं नाव त्या व्याख्येत नाही, पण ‘सुटे भाग’ म्हटल्यावर वाद घालायला जागा उरतेच. तो वाद तुम्ही कोर्टात, वकिलाच्या फीवर घालणार का?

घरच्या पैशांचा सल्ला देणं हा माझा धंदा; त्यात कुठल्याही खरेदीची किंमत पावतीवर संपत नाही. ह्या 38,000 च्या मागे काय उभं आहे ते बघा. मूळ परवाना रद्द होऊ शकतो, बंदूक जप्त होऊ शकते, कोर्टाच्या तारखा लागतील. आणि लष्कराच्या पेन्शनच्या नियमांत ‘पुढील सद्वर्तन’ ही प्रत्येक पेन्शनची गृहीत अट आहे. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी मालमत्ता जमीन नाही, घरही नाही, ती दर महिन्याला खात्यावर पडणारी रक्कम आहे. तिच्यावर शिंतोडा उडेल अशी वस्तू कुणी फुकट दिली तरी मी घेऊ देणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी गणित जुळत नाही. ह्या जोडण्या व्हिडिओत दिसतात त्या अमेरिकेतल्या, पुढच्या टोकाला आटे पाडलेल्या एकेरी नळीच्या रायफलींच्या. तुमच्या दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, टोकाला आटे नाहीत, चोक, म्हणजे तोंडाकडचा निमुळता भाग, नळीतच घडवलेला. तिथे हे बसवायचं म्हणजे लेथवर नळीला हात लावणं आलं. ते कुणाकडूनही करून घेऊ नका. ब्रेक धक्का कमी करतो हे खरं, पण गॅस बाजूला फेकतो, त्यामुळे बार काढणाऱ्याच्या कानाला आवाज उलट जास्त बसतो. एक जोडणी आवाज कमी करायला आणि दुसरी वाढवायला, दोन्हींचे पैसे तुम्हीच देणार!

बरं, बंदूक कशासाठी? पत्रात तुम्हीच लिहिलंय: पिकातली जनावरं हुसकवायला. गवा आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यांच्यावर नेम धरायचा प्रश्नच नाही. उरतो तो आवाज. म्हणजे ज्याच्यासाठी बंदूक ठेवलीय, तेच दाबायला 38,000 घालायचे. हे वाचून मी दोन मिनिटं हसलो, माफ करा.

तुमच्या दोन्ही तक्रारी मात्र खऱ्या आहेत. उजवा खांदा दुखतो, आणि रात्रीच्या बारानं वहिनी दचकतात. खांद्यासाठी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून दस्त्याच्या मागे रबरी पॅड बसवून घ्या, नळीला हात लागत नाही. कानासाठी दोघांना कानावर बसणारे मफ. माझ्या अंदाजानं सगळं मिळून 3,000 च्या आसपास. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा कागद येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तेवढे दिवस ‘तयारी’ ठाण्याच्या कपाटात. तिच्यावर निम्मं बजेट लावायचं नाही, हे एवढ्यावरूनही ठरतं.

इसाराचे 5,000 बुडाले समजा. परत मागा, पण ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले 33,000 देऊ नका.

आता मशिन. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. आईचं बीपी घरच्या मशिनवर संध्याकाळी 174 दाखवायला लागलं. आम्ही घाबरून रात्रीच एका खासगी दवाखान्यात नेलं. एक रात्र, सलाईन, तपासण्या, बिल 11,000. सकाळी तिथल्या एका वयस्कर सिस्टरनी आईच्या दंडाकडे बघितलं, मोठा पट्टा आणला आणि मोजलं: 138. आमच्या मशिनचा पट्टा तिच्या दंडाला लहान होता. पट्टा लहान पडला की आकडा फुगतो, एवढं साधं. मशिन चांगल्या कंपनीचं होतं. 900 रुपयांचा मोठा पट्टा घेतला असता तर 11,000 वाचले असते, आणि आईनं रात्रभर छताकडे बघत काढली ती वेगळीच.

म्हणून मनगटाची दोन मशिनं नकोत. मनगट छातीच्या पातळीला नसलं तर आकडा बदलतो, आणि घरात ती पातळी रोज कोण सांभाळणार? त्या पैशांत दंडावर बांधायचं एकच चांगलं मशिन घ्या. 2,000 ते 3,000 मध्ये येतं, दोघांचे आकडे वेगळे साठवणारं बघा. पट्ट्यावर दंडाच्या घेराचे सेंटिमीटर छापलेले असतात; नेहमीचा बहुतेक 22 ते 32. ॲडॅप्टर घ्या, शिवाय सेलचा एक जादा संच डब्यात ठेवा. पावसात तुमच्याकडे लाइट किती तास असते ते तुम्हीच लिहिलंय. शेतातल्या खोलीवर दुसरं कशाला? बीपी चालता चालता मोजायची गोष्ट नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, न बोलता. सकाळी चहा आणि मिश्रीच्या आधी, नाहीतर नंतर अर्धा तास थांबून. दोनदा मोजायचं, संध्याकाळी तसंच, सात दिवस वहीत लिहायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा वर असेल तर ती वही घेऊन ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला जा. गोळी वाढवायची की कमी करायची हे डॉक्टर ठरवतील. मी पैशांचा माणूस आहे. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, असं काही दिसलं तर वही राहू द्या, 108 लावा.

खर्च झाला पॅड-मफचे 3,000, मशिन आणि जादा पट्टा धरून 4,000. इसार गेला असं धरलं तर हातात 63,000 उरतात. ते ‘असेच राहू देत’ मला पटत नाही.

वहिनींची गोळी एक महिना पुढची घरात असू द्या, जून लागायच्या आत. ईसीएचएसमधून तेवढी जादा मिळाली नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जनऔषधी केंद्रातून घ्या. बीपीच्या साध्या गोळ्यांची पट्टी तिथे चहापाण्याच्या खर्चात येते. दवाखान्याचा खर्च ईसीएचएस बघतं, म्हणून वेगळा आरोग्य विमा आत्ता सुचवत नाही.

घराचा विमा मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. कोयनेच्या पट्ट्यात राहून, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची पहाट लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाकडे भूकंपाचा विमा नसावा याचं मला नवल वाटलं. ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या एकाच साच्यात देतात. आग, पूर, भूकंप, दरड हे सगळं तिच्यात येतं. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. विमा रक्कम जमिनीच्या भावावर धरायची नाही, घर पुन्हा बांधायला आज किती लागतील त्यावर धरायची. दोन कंपन्यांचं कोटेशन घ्या. बांधकाम जुनं असेल तर तसं स्पष्ट लिहा, लपवू नका.

हप्ता भरून राहतील त्यातले 10,000 रोख घरात, प्लास्टिकच्या पिशवीत. रस्ता बंद झाला की एटीएमही बंद असतं. बाकीचे पेन्शनच्याच बँकेत वहिनींच्या नावासह जोडखात्यावर, मोडता येईल अशा ठेवीत टाका. ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो’ हे शब्द फॉर्मवर असल्याची खात्री करा. तुम्ही खात्यावर एकटे आहात हे पत्राच्या शेवटी तुम्हीच ओझरतं लिहिलंय. ते काम मशिनच्याही आधी करा.

आणि मशिन आणायला कराडला जाण्याआधी गावातल्या शिंप्याची टेप मागून आणा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, दंड सैल सोडून, आधी वहिनींचा आणि मग तुमचा घेर मोजा. दोन्ही आकडे मला कळवा, कुठला पट्टा घ्यायचा ते सांगतो.