कोड म्हणावं की पांढरे डाग?

प्रश्न असा आहे: भाचीला कोड आहे. तिच्याविषयी लिहिताना 'कोड' हा शब्द टोचेल, म्हणून 'पांढरे डाग' लिहावं का? आणि कोडकौतुकातलं कोड ते हेच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. ते कोड प्राकृत 'कोड्ड', म्हणजे नवल, यावरून आलं. त्वचेचं कोड आलं 'कुष्ठ'वरून, आणि दुखणं तिथेच आहे. याच मुळातून आलेला हिंदी 'कोढ़' म्हणजे आपला महारोग. चरकसंहितेतही श्वित्र, म्हणजे कोड, कुष्ठचिकित्सेच्याच अध्यायात येतं. शब्द सख्खे, आजार मात्र सर्वस्वी वेगळे. महारोग जंतूमुळे होतो, त्याच्या चट्ट्यावरची संवेदना हरपते. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. तिथली संवेदना शाबूत राहते आणि ते कुणाच्या स्पर्शाने कुणाला होत नाही. तरीही शेजारी बसलेला माणूस नकळत सरकून बसतो. ते सरकणं ज्याला रोज दिसतं, तो उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागतो, फोटोत मागे उभा राहतो.

मग 'डाग' सौम्य का? मला उलट वाटतं. डाग कपड्याला पडतो, चारित्र्याला लागतो. डाग धुवायचा असतो. 'कोड' हे किमान आजाराचं नाव आहे. 'डाग' म्हटलं की त्वचा मळली, काहीतरी बिघडलं, असा निवाडा त्यात आलाच. ज्या मुलीला आरशापुढे उभं राहणं आधीच जड जातं, तिला हा शब्द हळुवार वाटेलच असं नाही.

त्याहून वाईट आपली क्रियापदं. मधुमेहाचं 'सांगितलं नाही' म्हणतो, कोड मात्र 'लपवलं' म्हणतो. आजारी माणूस एका शब्दात आरोपी होतो. 'कोड फुटलं' हे तर शिव्याशापांत ऐकू येतं, जणू पोटातलं पाप वर आलं. आणि 'कोडी' म्हटलं की अख्खा माणूस त्या चट्ट्यात बुडतो. हे तिन्ही प्रयोग मी कटाक्षाने टाळीन.

'तिला कोड आहे' एवढं साधं वाक्य पुरेसं आहे. पण लिहिण्याआधी भाचीलाच विचारा. काही जणांना 'व्हिटिलिगो' हा कोडाचा इंग्रजी शब्द जवळचा वाटतो, कारण त्या शब्दाने त्यांना कधी कुणी हिणवलेलं नसतं. तिने तो निवडला, तर तोच लिहा.