कादंबरीवरच्या सिनेमाला क्राउडफंडिंगमधून पैसे दिलेत, आता सेटवर बोलावलंय. मुंबईला जाण्यात अर्थ आहे का?

जरूर जा, सुट्टी टाकावी लागली तरी जा.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आवडत्या वैचारिक कादंबरीवर लोकवर्गणीतून (म्हणजेच क्राउडफंडिंगमधून) सिनेमा होतोय, पैसे दिलेल्यांना एक दिवस सेटवर बोलावलंय, तर एवढ्या लांबून मुंबईला यावं का, ही पहिली. आणि कादंबरीला धक्का लागताना दिसला तर दिग्दर्शकाला तिथेच सांगावं का, ही दुसरी. खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. सांगू नका. पण बघताना तोच प्रश्न डोक्यात असू द्या, म्हणजे दिवस वाया जाणार नाही.

मीही अशाच एका मराठी सिनेमाला पैसे दिले होते. तो अजून संकलनात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. गोष्ट गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या एका माणसाची. वडील गेल्यावर घरचे देव त्याच्याकडे येतात, आणि त्याचा तर देवावर विश्वास नाही. पूजा केली तर तो खोटेपणा. नाही केली तर वडिलांनी जन्मभर रोज सकाळी जे केलं, ते आपल्या हातून संपणार. या पेचावर पुस्तकात पानंच्या पानं आहेत आणि त्या पानांत बाहेर काहीही घडत नाही. कॉलेजात असल्यापासून मी ती वाचत आलोय. त्यामुळे गोरेगावच्या चित्रनगरीत शिरताना मला एकच उत्सुकता होती, हे दाखवणार कसं?

चाळीतली खोली स्टुडिओच्या फ्लोअरवर उभी केली होती. खऱ्या चाळीत का नाही, तर सिंक साउंड होता, म्हणजे आवाज जागेवरच रेकॉर्ड होणार. गिरगावात कुकरच्या शिट्ट्या, कावळे आणि गल्लीतले हॉर्न कोण थांबवणार? शिवाय कॅमेरा मागे घ्यायला एक भिंत काढता यायला हवी होती. लाइट लावण्यातच सकाळचा बराच वेळ गेला. याची तयारी ठेवा. शूटिंग म्हणजे मुख्यतः थांबणं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये कॅमेरा प्रत्यक्ष चालतो त्यातला फारच थोडा वेळ.

मग शॉट लागला. नट देवघरापुढे बसतो, सहाणेवर पळीने थोडं पाणी टाकतो आणि चंदन उगाळायला लागतो. उगाळतच राहतो. शेवटी खोड बाजूला ठेवतो, ओली बोटं पायजम्याला पुसतो आणि उठून जातो. देवांना गंध लागतच नाही. एकही संवाद नाही. पुस्तकातल्या त्या सगळ्या पानांचा एवढाच शॉट.

प्रत्येक टेकनंतर आर्टवाली मुलगी सहाण धुऊन कोरडी करायची. कंटिन्यूइटी, म्हणजे प्रत्येक टेकमध्ये मांडणी तशीच आहे ना हे, बघणारी फोनमधले फोटो ताडून बघायची: खोड कुठल्या बाजूला, पळी पंचपात्रात कशी टेकलेली, समईची ज्योत केवढी. सहाणेपाशी कॅमेऱ्याला दिसणार नाही असा छोटा माइक लपवला होता. साउंड रेकॉर्डिस्टनी दिग्दर्शिकेला ऐकवलं आणि मग हेडफोन मलाही दिला. पाणी असतं तोवर घासण्याचा आवाज मऊ येतो, आटत गेलं की खरखर वाढते. दिग्दर्शिका नटाला म्हणाली, "दादा, खरखर सुरू झाली तरी थांबू नका, अजून थोडं उगाळा." पुढच्या टेकमध्ये त्या जास्तीच्या उगाळण्यात मला पुस्तकातला माणूस दिसला. पूजा करायची नाही हे त्याचं ठरलंय, आणि हात काही थांबत नाहीयेत.

माझं त्या प्रकरणातलं सर्वांत आवडतं वाक्य पटकथेत नाही, हे जेवणाच्या सुट्टीत कळलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ते स्वगत म्हणून घेतलं असतं तर मी खूश झालो असतो, पण ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला ती चंदनाची खरखर ऐकू आली नसती.

विचार बोलूनच दाखवायचा ठरवला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. आयन रँडच्या 'अ‍ॅटलस श्रग्ड' या 1957 च्या कादंबरीत जॉन गॉल्ट या पात्राचं रेडिओवरचं भाषण जवळपास साठ पानं चालतं. कादंबरीचे तीन सिनेमे आले, 2011, 2012 आणि 2014 मध्ये. तिसऱ्यासाठी किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर चार लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली, आणि भाषण नेमकं त्याच भागात येतं. पडद्यावर ते काही मिनिटांत उरकावं लागलं. त्या भाषणापायी पैसे दिलेल्या वाचकाची हळहळ मला समजते. पण साठ पानं कुठलाही नट बोलू शकत नाही. दिग्दर्शकाच्या हातात दोनच वाटा असतात: भाषण छाटायचं, नाहीतर त्या जागी माणसाला काहीतरी करायला लावायचं. तुमच्या सिनेमात यातलं काय निवडलंय, ते सेटवर पहिल्या तासातच कळेल.

आता बोलावं का, याबद्दल. 'मंथन' (1976) या सिनेमाला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्रेयनामावलीत त्यांचा मानाने उल्लेख आहे. दिग्दर्शन मात्र श्याम बेनेगलांनीच केलं. आपल्या पैशाने सिनेमा होतो, दिग्दर्शन आपलं होत नाही. सेटवर पटकथा ठरलेली असते, रोजचं भाडं चढत असतं, आणि पाहुण्याच्या एका शेऱ्याने नटाचं लक्ष उडू शकतं. जेवताना दिग्दर्शक मोकळा दिसला तर जरूर विचारा, "या प्रकरणाचं तुम्ही काय केलंत?" माणूस पुस्तकावर प्रेम करणारा असेल तर भरभरून बोलेल. सूचना असतील तर घरी गेल्यावर मेल करा. संकलनाच्या वेळी त्यांचा उपयोग होऊ शकतो.

जाण्याआधी प्रॉडक्शनला विचारा, त्या दिवशी कुठला सीन आहे, आणि ते प्रकरण आदल्या रात्री पुन्हा वाचा. माझ्या मते यानेच सगळा फरक पडतो. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. 'रूम टोन' अशी हाक आली की असाल तिथे निश्चल उभे राहा, खोलीची शांतताही रेकॉर्ड करतात. गेटवर तुमचं नाव दिलंय ना, याची खात्री करा, आणि आदल्या संध्याकाळी कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, पुन्हा विचारून घ्या, कारण शेड्यूल ऐनवेळी बदलतं.