विचारा ना भो : नाताळच्या सुट्टीत मेहरूण तलाव

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे अमळनेरचे, पण वीस वर्षं झाली पुण्यात आहोत. नाताळच्या सुट्टीत जळगावला बहिणीकडे चार दिवस येतोय. सोबत दोन पोरं, एक आठवीत, एक दुसरीत, आणि आबा, वय ७६, गुडघे दुखतात. एक संध्याकाळ मेहरूण तलावावर घालवायचा प्लॅन आहे पण बहीण म्हणते सुट्टीत तिकडे नुसती जत्रा असते. जावं का नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जा की भो, पण संध्याकाळी नका जाऊ. बहीण बरोबर बोलतेय. मागच्या वर्षी २५ तारखेला संध्याकाळी आम्ही भाच्यांना घेऊन गेलो होतो, गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला, मग पाणीपुरीच्या गाडीपाशी गर्दी, मग धाकट्याला शू लागली, आणि तलावाकडे बघायला सवड मिळाली तेव्हा अंधार पडलेला. परत येताना मोठा भाचा म्हणतो, मावशी तलाव कुठे होता?

सकाळी जा. साडेसहा-सातला. हो, थंडी असते, डिसेंबरात जळगावचा पारा कधी कधी १० च्या खाली जातो, तुमच्या पोरांना वाटत असेल की जळगाव म्हणजे फक्त मे महिन्यातली भट्टी, तर एकदा कानटोपी घालून येऊ द्या त्यांना. त्या वेळेला ट्रॅकवर फिरणारे काका-काकू सोडले तर शांत असतं. आबांना सगळा फेरा मारायला लावू नका, बसायला जागा बघून द्या, थर्मासमधला चहा हातात द्या, तेवढ्यात त्यांना कोणीतरी अमळनेरचं भेटेलच, खान्देशात दोन म्हातारे शेजारी बसले आणि नातं निघालं नाही असं होत नाही.

पोरांना मोबाईल खिशात ठेवायला लावा आणि पाणी बघायला सांगा. हिवाळ्यात बाहेरचे पाहुणे पक्षी येतात, शिवाय आपले नेहमीचे बगळे, पाणकावळे असतातच. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळत बसतो, अगदी दोरीवर टाकलेल्या काळ्या शर्टासारखा. टिबुकली दिसली तर दुसरीतल्याला गंमत दाखवा, ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, कुठे निघेल त्यावर पैज लावा. फक्त एक, ब्रेडचे तुकडे टाकू देऊ नका. लोकांना वाटतं पुण्य आहे, पण ते पक्ष्यांचं खाणंच नाही, उरलेलं पाण्यात सडतं आणि पाणी घाण होतं.

आणि बोरं! डिसेंबर-जानेवारीत येताय आणि मेहरूणची बोरं न खाता गेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आकाराने लहान, लालसर, आणि अशी गोड की साखर झक मारते. पूर्वी तलावाच्या बाजूला बोरीच बोरी होत्या, आता घरं झाली आणि झाडं कमी झाली, म्हणून बाजारात मेहरूणची म्हणून कुठलीही खपवतात. मोठं, हिरवंगार, सफरचंदासारखं दिसलं की समजायचं हे ते नाही. मी तर आधी एक दाताने फोडून आत अळी बघते, मगच पोरांना देते, विकणारी बाई तोंड वाकडं करते, करू दे.

ऊन वर आलं की तलावाजवळच्याच शिरसोली रस्त्याने पुढे जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, २०१२ साली सुरू झालेलं म्युझियम, आठवीतल्याला नक्की आवडेल. वेळा आधी फोन करून विचारून घ्या. आबांना नको असेल तर त्यांना घरी सोडा, नाहीतर दुपारी चिडतील.

संध्याकाळ मोकळी राहते म्हणाल तर बहिणीला भरीत करायला लावा. भरताच्या हिरव्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे हे वाण इथलंच असं सांगणारं सरकारी मानांकन, मिळालंय, पण आपल्याला कागद कशाला पाहिजे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, वर तेल, शेंगदाणे, हिरव्या मिरचीचा ठेचा, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. तलावाच्या गर्दीपेक्षा आबा तिथे जास्त खुलतील.

प्रश्न : धुळ्याला नकाणे तलावावर ३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही मित्र मित्र पार्टी करायचं म्हणतोय. काही हरकत?
— एक वाचक, धुळे

उत्तर : हरकत आहे. त्याच तलावाचं पाणी धुळ्याच्या नळाला येतं रे बाबा. रात्री तिथे बाटल्या फोडायच्या आणि १ तारखेला सकाळी त्याच पाण्याचा चहा प्यायचा का? एवढंच असेल तर कोणाच्या तरी मळ्यात जा, शेकोटी पेटवा, वांगी भाजा, आणि गाडी चालवणाऱ्याला चहाच पाजा.